पुढच्या माणसासाठी लाकूड

३ मे, शनिवार

पोचलो एकदाचे! रॉसने कॅरॅव्हान मागे घेताना नेहमीप्रमाणे कचऱ्याचा डबा आडवा केला, नेहमीप्रमाणे डब्यालाच दोष दिला, आणि आम्ही कटर्स बेंडच्या कॅम्पिंग तळाचे यजमान झालो. यजमान म्हणजे पगारबिगार काही नाही. नदीकाठी फुकट राहायचं आणि त्याबदल्यात येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायची, संडासात कागद ठेवायचा, आणि कुणी शहरी पाहुणा निलगिरीच्या मोठ्या फांदीखाली तंबू ठोकत असला तर त्याला तिथून उठवायचं. या नदीकाठच्या झाडांच्या फांद्या वारा नसतानाही पडतात, हे शहरातल्यांना कोण सांगणार? मी सांगणार. जन्मभर शाळेच्या कँटीनमध्ये पोरांवर ओरडण्यात घसा तयार झालाय.

रेंजर ट्रिश आम्हाला फरशी पुलापाशी भेटली. जानेवारीपासून इथं असलेलं जोडपं, केथ आणि व्हॅल, आमची वाटच बघतंय, किल्ल्या तेच देतील, असं म्हणाली. आमच्यासाठी केक करून ठेवलाय म्हणे व्हॅलने. वळणावर आलो तेव्हा मला त्यांची पांढरी कॅरॅव्हान दिसली, पिवळ्या रेनकोटातली एक बाई हात हलवतानाही दिसली. गाडी कुठून वळेल ते बघायला रॉस तिथंच उतरून पुढे चालत गेला. मी फाटकाच्या साखळीशी झटापट करून तिथं पोचले, तर हा चुलीपुढे हात शेकत बसलेला, आणि जागा मोकळी. कॅरॅव्हान नाही, बाई नाही, केकही नाही. किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या. जमीन इतकी स्वच्छ की गवताचं पातंसुद्धा दबलेलं नव्हतं.

रॉस म्हणाला, त्याने कुणालाच पाहिलं नाही. चुलीत लाकूड रचलेलं होतं, इकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, हात गारठले होते, काडी लावली. "बघ नोएलीन, याला म्हणतात वळण. खाली सालीचा गुंडाळा, वर झिलप्या, वर मनगटाएवढी लाकडं. नुसती काडी दाखवली अन् भडका! जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी रचून जावं. माझा बाप सांगायचा, हे जो करत नाही तो माणूस नव्हे, मेंढरू."

रॉस ही रीत बायबलपेक्षा वर मानतो. मी म्हटलं, चष्मा पूस आता. पण खरं सांगायचं तर त्याच चुलीवरचा चहा पिताना इतकं बरं वाटलं की व्हॅलचा केक मी विसरून गेले.

५ मे, सोमवार

सकाळी नदीवर धुकं असतं, आणि त्यातून काकाकुवांचा थवा भांडत भांडत जातो. एका कुकाबुरा पक्ष्याने रॉसच्या काट्यावरून सॉसेज पळवलं. रॉसने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. कॅरॅव्हानखाली एक वॉम्बॅट, अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत प्राणी, राहायला आलाय, भाडं न देता, आमच्यासारखाच.

फोन फक्त मागच्या टेकडीवर लागतो. ट्रिशशी बोलायला भिंतीवर वायरलेस आहे. मी रोज चढून लेकीला, शेलीला, फोन करते. तिला पाचवा महिना संपत आलाय. तीन वेळा देवाने दिलं आणि परत घेतलं. या खेपेला टिकलंय. सप्टेंबरमध्ये मी आजी होणार. आजी झाल्यावर मी काय काय करणार आहे ते मी शेलीला सांगते, आणि शेली म्हणते, आई, आधी मला बाळंत तर होऊ दे.

७ मे, बुधवार

होडीतून एकटाच एक पाहुणा आलाय. नाव हॅमिश, दाढीवाला, भूगोलाचा मास्तर. नदीच्या उगमापासून वल्हवत निघालाय. पलीकडच्या वळणावरच्या जागेत त्याने हिरवा तंबू लावला. तिथंही चुलीत लाकूड रचलेलं होतं, आपलं नशीब जोरावर आहे, असं म्हणाला. संध्याकाळी त्याने एक मोठा मासा आणून दिला. मी लोणी-लिंबू लावून भाजला. तिघांनी मिळून खाल्ला, काटेसुद्धा चोखले. रॉसला मास्तर लोकांचा राग, पण हा त्याला आवडला. माणूस मासा घेऊन आला की रॉसला आवडतो.

८ मे, गुरुवार

एक गंमत. हॅमिश सकाळी हसत आला. म्हणाला, रॉसमहाराज, पाहुण्याला हाकलायचं असेल तर तोंडाने सांगा की! रात्रीची राख काढून त्याच्या चुलीत कुणीतरी नवं लाकूड रचून ठेवलं होतं. जाणारा रचून जातो तसं, अगदी टापटीप. आणि हा तर अजून चार दिवस राहणार.

रॉस म्हणाला, मी नाही बाबा. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला रचू? मला नुसती काडी लावता येते, तेवढं पुरे.

जाताना हॅमिशने हात हलवला तेव्हा त्याचा तळवा लालसर दिसला. या झाडांचा चीक लालच असतो, हातावरून लवकर जात नाही. म्हणजे बेट्यानेच रचलं असणार आणि आमची फिरकी घेत असणार.

९ मे, शुक्रवार

घडलं तसं लिहून ठेवते.

सकाळी रॉस चहा उकळायचा काळा डबा घेऊन हॅमिशकडे गेला. हॅमिश काठावर तोंड धूत होता. त्याने ओरडून सांगितलं की काल रचलेलं तसंच आहे, लाव काडी, मी आलोच. रॉसने वाकून काडी लावली. मान वर केली, तर हॅमिश नव्हता.

पळत आला माझा रॉस, गुडघा बदललेला असताना पळत आला. नदीत पडला, नोएलीन, बुडाला, असं ओरडत होता. मी दोर घेऊन धावले. काठावर कुणी नव्हतं. तेवढंच असतं तर मी समजले असते. पण तंबूही नव्हता. होडी नव्हती. तंबूच्या खुंट्यांची भोकं नव्हती. चुलीत तेवढा जाळ होता.

रॉस पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, काडी पेटायला लागतो तेवढाच वेळ पाठ होती. त्याच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. तेच आपल्याला लागलं, अशी भीती त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. मी त्याचं डोकं पोटाशी धरून बसले. पण मासा मीही खाल्ला होता.

१० मे, शनिवार

ट्रिशला वायरलेसवर सगळं सांगितलं. तिने पाहुण्यांची वही पाहिली आणि म्हणाली, हॅमिश नावाचं कुणी नाही, होडीवाला तर या महिन्यात कुणीच नाही. मग आवाज खाली आणून विचारलं, रॉसची तब्येत बरी आहे ना?

मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, केथ आणि व्हॅलचा फोन नंबर दे. ट्रिश म्हणाली, कोण केथ?

तुम्ही येईपर्यंत ही जागा उन्हाळाभर रिकामीच होती, असं म्हणते ती. त्याच ट्रिशने आठवड्यापूर्वी मला व्हॅलच्या केकबद्दल सांगितलं होतं. चेष्टा करणारी बाई नाही ती. तिला खरंच माहीत नव्हतं.

आज वरच्या जागेवर एक कुटुंब आलं. रेना, तिचा नवरा दिनोस आणि मुलगी एफी, पहिलीत असेल. मी त्यांना मोठ्या फांदीखालून उठवलं. ते गॅसवर स्वयंपाक करतात. आमच्या नवऱ्याला चूल पेटवता येत नाही, ऑलिव्ह मात्र पोतंभर आणलेत, असं रेना म्हणाली आणि मूठभर माझ्या हातावर ठेवले. हसले मी. हसता आलं याचंच नवल वाटलं.

११ मे, रविवार

आज मातृदिन. टेकडीवर गेले. शेली रडली, मी रडले, बाळ लाथा मारतंय म्हणाली. तिला यातलं काही सांगितलं नाही.

पाऊस सुरू झाला. खाली आल्यावर रॉस बाहेर खुर्चीवर भिजत बसला होता. त्याला म्हटलं, उठ. तो म्हणाला, नोएलीन, आपण आलो त्या दिवशी तू बाई पाहिलीस ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, आणि मी काडी लावली.

जाणारा रचतो आणि येणारा पेटवतो. येणाऱ्याने पेटवलं म्हणजे जाणारा गेला. केक करून ठेवलेली ती बाई माझ्याकडे बघून हात हलवत होती, आणि माझ्या नवऱ्याने तिच्या चुलीला काडी लावली.

उद्या निघायचं. यजमानपण गेलं खड्ड्यात.

१२ मे, सोमवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पहाटे नदी वाढतेय असं पाहून रॉसने मला न सांगता पिकअप फरशी पुलावरून पलीकडे नेऊन उंचावर लावली. म्हणजे कसं, पूल बुडाला तरी गाडी सुरक्षित, आणि पाणी उतरलं की येऊन कॅरॅव्हान ओढता येईल. स्वतः पुलावरून चालत परत आला, मोठी मर्दुमकी केल्यासारखा. तासाभरात पूल पाण्याखाली. गाडी तिकडे, आम्ही इकडे. गॅसची भरलेली टाकी आणि कोरडं सरपणही गाडीतच.

मी इतकी ओरडले की वॉम्बॅट बाहेर आला. मग दोघंही हसलो. पुलावरचं पाणी उतरायला चार-पाच दिवस तरी लागतील.

ट्रिश वायरलेसवर म्हणाली, धीर धरा. तळाचा लाकडाचा ढीगही नदीने नेला. आता इथं सुकी काडी औषधालाही नाही.

१३ मे, मंगळवार

आमच्या चुलीत लाकूड रचलंय.

खाली सालीचा गुंडाळा. वर झिलप्या. वर मनगटाएवढी लाकडं. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि ते ठणठणीत कोरडं आहे. मी हात लावून पाहिला. कोरडं, आणि किंचित कोमट.

रॉस म्हणाला, आपणच पेटवून टाकू, म्हणजे भानगड मिटली. आम्ही काडी लावली. काडी पेटली, लाकूड पेटेना. काडेपेटी संपत आली. साल काळीसुद्धा पडली नाही. ते आमच्यासाठी नाहीच.

मी सगळं कवेत घेऊन नदीत फेकलं.

१४ मे, बुधवार

पुन्हा रचलंय. फेकलं.

रॉसचे तळवे लाल आहेत. त्याला दाखवले. तो कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्याला काहीही आठवत नाही. कुऱ्हाड दाराशी ओली पडली होती.

टेकडी चढले, शेलीला फोन केला. मी म्हटलं, शेली, अगं, मी. ती म्हणाली, कोण बोलतंय?

मी म्हटलं, आई.

ती अगदी अदबीने म्हणाली, माफ करा, चुकीचा नंबर लागला वाटतं. आणि मग एकदम हसली, अगं आई, तू! काय झालं मला कळलंच नाही, गरोदरपणात डोकं जागेवर राहत नाही. मी पण हसले. फोन ठेवला आणि तिथं चिखलात बसले.

मरणाची भीती मला कधी फारशी नव्हती. मेलेल्या आईचा फोटो भिंतीवर असतो, मुलगी तिच्या नावाने रडते, नातवाला सांगते की तुझी आजी फार तोंडाळ होती. हे मरण नाही. आम्ही नव्हतोच, असं होणार आहे. केथ आणि व्हॅलला मुलं होती का? असली तर ती आज आपली आई कोण म्हणून सांगतात?

जोवर आमच्या चुलीला दुसऱ्याने काडी लावली नाही तोवर आम्ही आहोत. एवढंच राखायचं. पुलावरचं पाणी उतरेपर्यंत.

१५ मे, गुरुवार

रात्री रॉसचं मनगट माझ्या मनगटाला स्कार्फने बांधून झोपले. सकाळी गाठ तशीच होती. चुलीत लाकूड रचलेलं.

माझे तळवे लाल.

बोटांना फोड आलेत. नखात साल. गाठ न सोडता दोघं मिळून उठलो असणार, हातात हात घालून, पावसात. आणि कुठून आणलं? कुठून आणतो आम्ही ते कोरडं लाकूड?

वायरलेसवर ट्रिशला हाक मारली. ती म्हणाली, कटर्स बेंडला या वर्षी यजमान नेमलेलेच नाहीत. वायरलेस ही खेळायची वस्तू नाही बाई, कुठून बोलताय ते सांगा. मी सांगितलं. ती म्हणाली, तिथं कुणी नाही.

नंतर तिने उत्तर दिलं नाही.

फेकलं नदीत. वाहून जाईपर्यंत बघत उभी राहिले.

१६ मे, शुक्रवार

वरच्या जागेवर गेले. रेनाला सांगितलं, आमच्या चुलीकडे फिरकू नका. काहीही झालं तरी. लाकूड दिसलं तरी काडी लावायची नाही. माझा आवाज चढला. एफी आईच्या मागे लपली. दिनोस म्हणाला, बाई, आम्ही कशाला येतोय तुमच्या चुलीशी, आमच्याकडे गॅस आहे. चेहरा असा केला त्याने, की म्हातारी चळली.

असू दे. चळलेली म्हणोत. ज्या रीतीवर रॉस जन्मभर चालला तीच मी आज मोडली, आलेल्याला चुलीवरून हाकललं. परत येताना मला लाज वाटली. भीती लाजेपेक्षा मोठी होती.

रॉस खुर्च्या घडी करून ठेवतो. अंगण झाडतो. मी म्हटलं, कशाला झाडतोस? तो म्हणाला, जाताना घाण टाकून जाऊ नये. मग स्वतःच दचकला.

आज टेकडीवर नाही गेले. शेलीने पुन्हा विचारलं असतं, कोण बोलतंय—तर—

नाही गेले.

१७ मे, शनिवार, सकाळ

पाणी उतरतंय! पुलाच्या कडेचे खुणेचे खांब दिसायला लागलेत. रॉस म्हणतो उद्या. उद्या दुपारपर्यंत चालत पलीकडे जाता येईल, कॅरॅव्हान राहिली तर राहिली. पिकअप गाठायची की थेट शेलीच्या दारात. ओळखलं नाही तरी दारात बसून राहीन. बघू किती वेळ ओळखत नाही.

रचलेलं आहे. फेकायला जाते.

त्याच दिवशी

पटपट लिहिते.

लाकूड कवेत घेऊन काठावर उभी होते. हाक ऐकू आली. पुलाकडून तिघं येत होते. दिनोसच्या खांद्यावर एफी. पाणी असताना पुलावर गाडी घालू नये, हे इथं शेंबडी पोरंही जाणतात, पण उतरलंय असं त्यांना वाटलं. गाडी मध्येच बंद पडली आणि वाहून गेली. गॅस, पांघरुणं, सगळं तिच्यात. पोर पाण्यात गेली होती. दिनोसने केसांना धरून काढली.

रॉसने तिचे कपडे काढले, आमच्या कोरड्या चादरीत गुंडाळली, स्वतःच्या पोटाशी घेतली. मग मी घेतली. रेनाने घेतली. ओठ जांभळे. आधी कुडकुडत होती. आता कुडकुडत नाही. रॉस वीस वर्षं आपत्ती पथकात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. कुडकुडणं थांबलं की अंगातली शेवटची ऊबही संपत आली समजायचं, हे मलाही माहीत आहे.

गॅस नाही. गाडी नाही. मैलोगणती सुकी काडी नाही, हे लाकूड सोडून.

मी हे लिहून ठेवते, रॉसने मला एका शब्दानेही भाग पाडलं नाही. त्याने फक्त माझ्या कवेकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. मोठ्याने म्हटलं, नाही, रॉस, शेली. तो म्हणाला, हो गं. आणि रडला. मग म्हणाला, नोएलीन, आपण मेंढरं आहोत का?

पोरीचा हात चादरीबाहेर लोंबत होता. एवढासा. बोटांवर शाईची चित्रं काढलेली, पाण्याने पुसट झालेली.

मी खाली बसले. आधी साल. मग झिलप्या. मग मनगटाएवढी. जागेपणी, माझ्या हातांनी रचलं. जगात कुणी रचलं नसेल इतकं नीट रचलं.

रेना जवळ यायला घाबरते. काल मीच दरडावलं होतं. म्हणते, तुम्ही लावा ना, तुम्हाला येतं. मी सांगितलं, आमच्या हाताने पेटत नाही, तुलाच लावायला हवी. आणि सांगितलं, निघताना काही रचू नकोस, पाणी ओत, राख विस्कट, मागे वळून बघू नकोस. तिने मान हलवली, पण डोळे पोरीकडे. जो काडी लावतो त्याला आधीची माणसं आठवतात. आम्हाला व्हॅल आठवते तसे आम्ही रेनाला आठवू. एकीला तरी.

पहिली काडी ओली निघाली.

दुसरी मोडली—तिचे हात—रॉस तिला सांगतोय, हळू, पोरी, खालून, सालीच्या टोकाला. किती शांत आवाजात सांगतोय. आता तो इकडे येतोय. कॅरॅव्हानच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. माझा डावा हात धरलाय. लिहू दे म्हटलं, उजवा सोड.

शेली. बाळाला गरम ठेव. कुणी दारात भिजून आलं तर आत घे. तुझ्या बापाचं नाव रॉस. मी तुझी आई, माझं नाव